पंखा का उडत नाही?

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. दरवर्षीप्रमाणे पोरगीला घेऊन मलकापूरला गेलो होतो. मलकापूर म्हणजे कराडला चिकटलेलं, हायवेवरचं, चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे पेपरात नाव आलेलं आमचं मलकापूर. (बुलढाण्याचं नव्हे आणि शाहूवाडीचंही नव्हे. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) रविवारची सकाळ, चहाचा दुसरा राऊंड चाललेला, आणि डोक्यावरून फडफडफड करत एक हेलिकॉप्टर गेलं. कोयनेच्या पलीकडे कराडची जुनी धावपट्टी आहे, शिवाय कुणी मोठी असामी येणार असली की आमच्याकडे आकाशातून वर्दी मिळते. 2024 साली तर आधी लोकसभा आणि मग विधानसभा, त्यामुळे आमच्या भागातल्या पोरांना हेलिकॉप्टरचं एस.टी. इतकंही अप्रूप उरलं नसेल असं मला वाटत होतं. चूक. घरातली दोन्ही पोरं चपला न घालता गच्चीवर पळाली, पाय भाजले म्हणून नाचत नाचत खाली आली, आणि माझा पुतण्या बंड्या (वय वर्षे सहा) याने सगळ्यांना मिळून एक प्रश्न टाकला.

"ते उडतंय कसं पन?"

आता घरात मोठी माणसं चार. चौघांनी चार उत्तरं दिली. आबा म्हणाले, "इंजिन असतंय त्याला." बंड्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "वर पंखा असतोय न्हवं, त्यानं." आई म्हणाली, "आधी पाय धू." आणि मी? मी इंजिनिअर. घरात पोरांनी काही विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात. मी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि सुरू झालो.

म्हटलं, हे बघ बंड्या, त्या पात्याचा आकार वरून फुगीर असतो आणि खालून सपाट. हवा पात्यापाशी आली की तिचे दोन भाग होतात. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता, खालून जाणाऱ्या हवेला जवळचा. पण दोघींना पलीकडच्या टोकाला एकाच वेळी पोचायचं असतं. म्हणून वरची हवा जोरात पळते. जोरात पळणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि खालचा जास्त दाब पात्याला वर ढकलतो. संपलं!

माझी मुलगी चिऊ (वय आठ) "हं" म्हणाली. ती शाळेत चांगले मार्क मिळवणारी मुलगी आहे. बंड्या मात्र नाक खाजवत उभा राहिला आणि म्हणाला,

"पन काका, वरच्या हव्याला खालच्या हव्याला गाठायची घाई कशापायी?"

मंडळी, खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. हेच वाक्य मी अकरावी-बारावीत वाचलं, इंजिनिअरिंगला परीक्षेत लिहिलं, त्याचे मार्क घेतले. पुढे वीस वर्षं पार्ट्यांमधून, विमानात शेजारी बसलेल्या माणसांना आत्मविश्वासाने ऐकवलं. पण वरच्या हवेने खालच्या हवेला भेटायचं कुणी ठरवलंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो पडला एका सहा वर्षांच्या, शेंबूड पुसत उभ्या असलेल्या पोराला.

दुपारी सगळे झोपल्यावर वाचत बसलो. बंड्या बरोबर होता. असा कुठलाही नियम नाही. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की या प्राध्यापकांनी 2003 साली नेमक्या याच गैरसमजावर लेख लिहिला होता. बोगद्यासारख्या नळीत वारा सोडून त्यात धूर मिसळला की दिसतं ते असं: वरची हवा खालचीला भेटत तर नाहीच, उलट ती तिच्या आधी पलीकडे पोचते. वरची हवा वेगाने जाते हे खरं, तिथे दाब कमी असतो हेही खरं, पण "लांबचा रस्ता, म्हणून घाई" हे कारण साफ खोटं. आणि जरा डोकं चालवलं असतं तर वाचायचीही गरज नव्हती. विमानं कसरतीत उलटी उडतात की, तेव्हा फुगीर बाजू खाली असते. आणि आपला पतंग? कागदाचा पत्रा तो, त्याला कुठलं आलंय पोट आणि कुठली पाठ. तरी संक्रांतीला वर जातोच ना?

तर सांगायचा मुद्दा हा, आणि आजचा हा सगळा लेख त्यासाठीच आहे. लहान मुलांना काही समजावताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक असतं अपुरं खरं. दुसरं असतं सोपं खोटं. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात, छोटी, गोड, दोन मिनिटांत संपणारी. पण अपुऱ्या खऱ्यावर पुढे मजला चढवता येतो. सोपं खोटं मात्र आधी पाडावं लागतं आणि मग नव्याने पाया खणावा लागतो. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची घाई असते, म्हणून कोणीतरी कोडमध्ये एक आकडा ठोकून देतो, "आत्तापुरतं चालतंय ना" म्हणतो. आत्तापुरतं ते चालतंच. तीन वर्षांनी तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि दुसरा कोणीतरी रात्री दोन वाजता तो आकडा शोधत बसतो. माझ्या डोक्यात असा एक ठोकलेला आकडा पंचवीस वर्षं होता. सापडला तो बंड्याला.

माझ्या भावाचं उत्तर बघा. "वर पंखा असतोय, त्यानं." मी मनात हसलो होतो. पण ते अपुरं खरं होतं! माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी चांगलं. संध्याकाळी मी त्याच पंख्यापासून पुन्हा सुरुवात केली.

दोघांना सोप्यात पंख्याखाली बसवलं. वारा कुठून कुठे येतो? वरून खाली. कोण ढकलतंय त्याला? पंखा. कसा ढकलतो? पाती तिरकी आहेत. (बंद पंखा स्टुलावर चढवून दाखवला. पातं सपाट नसतं, हे चिऊला पहिल्यांदाच दिसलं. पात्यावर किती धूळ असते हे आईला दिसलं, तो भाग वेगळा.) मग माझी चाकाची खुर्ची आणली. हो, घरून काम करायला एक मलकापूरलाही ठेवलीय. बंड्याला त्यावर बसवलं आणि सांगितलं, पाय वर घे आणि भिंतीला ढकल. त्याने भिंत ढकलली आणि स्वतःच मागे गेला. पाच-सहा वेळा गेला, कारण मजा आली. भिंत गेली का? नाही. तू का गेलास मग? "भिंतीनं मला ढकाललं." बास. न्यूटनने 1687 साली पुस्तकात लिहिलेला तिसरा नियम सहा वर्षांच्या पोराने सोप्यात मांडला, एकही लॅटिन शब्द न वापरता.

आता पंखा हवेला खाली ढकलतो. मग हवा पंख्याला कुठे ढकलत असेल?

दोघंही वर बघायला लागली. चिऊ हळूच म्हणाली, "वर." आणि लगेच तिचाच पुढचा प्रश्न, जो या लेखाचं नाव झालाय: "मग आपला पंखा का उडत नाही, बाबा?"

बघा! मघाशी फुगीर पात्याच्या गोष्टीला ही पोरगी "हं" म्हणून गप्प बसली होती. आता तिने स्वतः प्रश्न काढला. माझ्या मते चांगल्या स्पष्टीकरणाची खूण एवढीच. उत्तर मिळाल्यावर मूल गप्प झालं तर समजावं की काहीतरी चुकलं. आणखी एक प्रश्न आला तर समजावं की गाडी रुळावर आहे.

मग कागद-पेन घेऊन ढोबळ हिशोब केला (हा पोरांना नाही, तुम्हाला सांगतोय). घरातला साधा पंखा 1200 मिलिमीटरचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत 1.2 मीटर. वजन धरा 4 किलो. त्याच्या मोटारीची ताकद आणि त्याने ढकललेली हवा यांचा हिशोब मांडला तर फुल स्पीडला तो अर्धा ते एक किलोच्या आसपास वर उचलला जात असावा. आपण मधला, पाऊण किलोहून थोडा कमी आकडा धरू. म्हणजे पंखा उडत नाही, पण फिरताना छताच्या हुकाला थोडा हलका लागतो! उडायचं तर साधारण सहापट जोर हवा. जोर हा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अडीचपट जोरात फिरवावा लागेल. आणि त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ पंधरापट मोटार. ती पंधरापट मोटार जड असणार, म्हणजे पुन्हा जोर वाढवा... माणसाला उडायला एवढी वर्षं का लागली त्याचं कारण या एका ओळीत आहे. पात्यांची कल्पना फार जुनी, अडलं होतं ते हलक्या आणि ताकदवान इंजिनापाशी. आबांचं "इंजिन असतंय त्याला" सुद्धा बरोबरच होतं की. घरात चुकीचं उत्तर फक्त इंजिनिअरने दिलं होतं.

पोरांना मी एवढंच सांगितलं की पंखा वर जायला बघतोय, पण तो जड आहे आणि त्याचा जोर कमी पडतो. बंड्याचा तर्क: "मग हेलिकॉप्टराचा पंखा लई जोरात फिरत आसंल." मलाही तसंच वाटायचं. खरी गंमत इथे आहे. चेतक हेलिकॉप्टर घ्या. वरचा पंखा 11 मीटर रुंद आणि तो मिनिटाला साधारण 350 फेरे घेतो. आपला सोप्यातला पंखाही जवळपास तेवढेच घेतो! फरक आहे लांबीचा. आपल्या पंख्याच्या पात्याचं टोक ताशी 80 किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे हायवेवरच्या गाडीइतकं. त्याच फेऱ्यांमध्ये चेतकच्या पात्याचं टोक ताशी 700 च्या वर जातं. अंगणात दोरी घेतली, मध्ये चिऊला उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला बंड्याला पळवलं. चिऊ जागेवर गिरकी घेते तेवढ्या वेळात बंड्याला अख्खं अंगण पालथं घालावं लागतं. तीन फेऱ्यांत त्याला समजलं, चौथ्या फेरीला तो तुळशीवृंदावनाला धडकला.

आणि पंख्याएवढंच हेलिकॉप्टर पाहिजे असेल तर तेही आहे. मंगळावर. नासाचं इंजेन्युइटी, 19 एप्रिल 2021 ला पहिल्यांदा उडालं, 39 सेकंद, 3 मीटर उंच. त्याच्या पात्यांचा घेर 1.2 मीटर, म्हणजे बरोब्बर आपल्या सोप्यातला पंखा! वजन 1.8 किलो, पण मंगळाची ओढ कमी असल्याने तिथे ते पाऊण किलोही भरत नाही. म्हणजे आपला पंखा इथे जेवढा जोर लावतो साधारण तेवढ्यातच काम भागायला हवं. पण तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाइतकी विरळ. ढकलायला काही नाहीच म्हणा ना! म्हणून त्याला मिनिटाला 2400 च्या वर फेरे घ्यावे लागत. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं ते यंत्र जानेवारी 2024 मध्ये पातं मोडून थांबेपर्यंत 72 वेळा उडालं. हे ऐकल्यावर दोघांनी सोप्यातल्या पंख्याकडे जो आदराने पाहिलं, तसं मी कुणाला कधी पंख्याकडे बघताना पाहिलेलं नाही.

पुढचा प्रश्न शेपटीचा. मागच्या छोट्या पंख्याचं काम काय? बहुतेक मुलांना (आणि मोठ्यांना) वाटतं की तो हेलिकॉप्टरला पुढे ढकलतो. पुन्हा चाकाची खुर्ची. चिऊ बसली, पाय वर, दोन्ही हातांत दप्तर. आता दप्तर झटक्यात डावीकडे फिरव. खुर्ची उजवीकडे गेली. इंजिन वरच्या पंख्याला एका बाजूला फिरवतं, तेव्हा खालचं हेलिकॉप्टर उलट्या बाजूला फिरायला बघतं. घरचा पंखा स्लॅबला बांधलेला असतो म्हणून त्याची दांडी फिरत नाही. आकाशात बांधायला स्लॅब नाही. मग शेपटीला एक छोटा पंखा आडवा लावायचा आणि त्याने शेपूट धरून ठेवायची. सिकोर्स्कीने 1939 साली अमेरिकेत ज्या यंत्रावर हे जमवून दाखवलं, त्याच घडणीची हेलिकॉप्टरं आजही सगळ्यात जास्त दिसतात.

बंड्या म्हणाला, "लग्नातल्या ड्रोनला तर शेपूटच न्हाई!" ड्रोन आता आमच्याकडे लग्नातही असतो आणि उसावर औषध मारायलाही. मी उत्तर न देता भावाच्या मित्राकडचा ड्रोन मागवला आणि हाताने पाती फिरवायला दिली. किती वेळ लागला असेल? पाचेक मिनिटं. पात्यांचे उतार निरखून चिऊने शोधलं की चारातली दोन इकडे फिरणार, दोन तिकडे. भांडण मिटलं, शेपटीची गरजच नाही. मंगळावरच्यालाही शेपूट नव्हती, एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरायचे. पाच मिनिटं गप्प बसणं मला फार जड गेलं हे कबूल करतो. उत्तर ओठावर येऊन टेकलं होतं. पण त्या पाच मिनिटांत तिने जे मिळवलं ते मी सांगून मिळालं नसतं.

आणि मग आला खरा प्रश्न. तो येणारच होता. "काका, इंजिन बंद पडलं तर?"

इथे आपण काय करतो? "नाही रे पडत" म्हणतो. हेही सोपं खोटंच. पडतं की. 25 मे 2017 ला निलंग्याहून निघालेलं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं. सुदैवाने आतले सगळे वाचले. तिथे इंजिन बंद पडल्याची गोष्ट नव्हती. ऐन मेचं ऊन, गरम हवा आणि वजन यांची चर्चा तेव्हा पेपरात वाचल्याचं तुम्हाला आठवत असेल. गरम हवा पातळ असते, तिला ढकलून हाताला कमी लागतं. मंगळाची गोष्ट ऐकलेल्या पोराला हे लगेच कळतं.

इंजिन बंद पडल्याचं उत्तर द्यायला मात्र निसर्ग मदतीला आला. कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या बाजूला डोंगरात उक्षीच्या वेली असतात. उन्हाळ्यात त्यांची वाळकी फळं गळतात. पाच छोट्या पाकळ्यांची फिरकीच ती. गेल्या वेळी फिरायला गेलो तेव्हा चिऊने खिसाभर आणलेली होती. गच्चीवरून सोडली, गरगर फिरत सावकाश खाली. त्याच्या शेजारून एक खडा सोडला, धप्प. उक्षीला कुठलं इंजिन? खालून येणारी हवाच तिला फिरवते, आणि फिरते म्हणून ती सावकाश येते. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर सायकलच्या फ्रीव्हीलसारखा पंखा सुटा होतो, पायलट पात्यांचा उतार कमी करतो, खालून येणारा वारा पंखा फिरवत ठेवतो आणि जमिनीजवळ आलं की त्याच फिरण्याचा जोर वापरून तो हलकेच टेकवतो. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. उंची पुरेशी हवी, हात तयार हवा. हेही सांगितलं. बंड्या घाबरला नाही. "म्हंजे पायलटला उक्षी व्हावं लागतंय" म्हणाला आणि पुन्हा गच्चीवर पळाला.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस सुट्टीत पोरांचा क्लास घेतो. रात्री बायकोनेही हेच सुनावलं. तिचं म्हणणं, "प्रत्येक वेळी पोराला न्यूटन नको असतो. कधी कधी त्याला फक्त तुम्ही त्याच्याबरोबर आकाशात बघायला हवे असता." बरोबर आहे. मान्य. हे सगळं एका बैठकीत नाही झालं, चार-पाच दिवसांत, विटी-दांडू आणि आंब्यांच्या मधून मधून झालं. आणि तिने दुसरंही एक बोट ठेवलं. साठ पोरांच्या वर्गात शिक्षकाने चाकाची खुर्ची आणि दोरी कुठून आणायची? हाही मुद्दा खरा. मी शिक्षकांना दोष देतच नाहीये. शिक्षकाला पस्तीस मिनिटं आणि साठ पोरं असतात. घरात आपल्याला दोन पोरं आणि अख्खी संध्याकाळ असते, आणि तरी आपण "मोठा झालास की कळेल" म्हणतो.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. सातवीत असताना मी एकदा वर्गात विचारलं होतं की पृथ्वी फिरते तर उडालेला पक्षी मागे का राहत नाही. वर्ग हसला. सरही हसले, आणि म्हणाले, "बस खाली, न्यूटन." त्यांच्या मनात वाईट काही नसणार. पण त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मार्क भरपूर मिळाले. प्रश्न न विचारता मार्क मिळतात, नोकरी मिळते, परदेशी प्रोजेक्ट मिळतो, सगळं मिळतं. आता मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा समोर बसलेल्या हुशार पोरापोरींना विचारतो, "हे असं का?" उत्तर येतं, "सर, असंच असतं." तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. मला सातवीतला तो बाक दिसतो. वीस वर्षं विमानाची खोटी गोष्ट सांगत हिंडलेला माणूस त्या बाकावरच तयार झाला होता.

कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर, 2025 च्या मे महिन्यात गेले. त्यांच्याकडे मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. केवढी साधी युक्ती! पुण्यात त्यांच्याच आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. आगपेटीच्या काड्या, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि फुकट मिळतात. तेव्हा साधनं नाहीत ही सबब घरच्यांना तरी चालणार नाही. कागदाची एक पट्टी घ्या, वरून मधोमध अर्धी फाडा, दोन कान दोन बाजूंना दुमडा, खाली एक यू-पिन अडकवा आणि गच्चीवरून सोडा. उक्षी तयार. खर्च शून्य.

शेवटी राहिलेली एक गोष्ट. निघायच्या आदल्या रात्री लाईट गेली. पाणी चोवीस तास, पण लाईटचं तसं नाही. पंखा फिरत फिरत मंद होत थांबला आणि आम्ही सगळे अंगणात येऊन बसलो. आबा इतके दिवस हे सगळं नुसतं ऐकत होते. ते अंधारात म्हणाले, "एक सांग मला. ती हवा खाली ढकालली, ती जाती कुठं?"

मी म्हटलं, जमिनीवर येते आबा. हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडते ती त्याचीच.

"मग त्याचं वजन शेवटी जमिनीवरच आलं की रं."

मी पुन्हा गप्प. हे मी कधी डोक्यातच आणलं नव्हतं. पण बरोबर आहे. हवेतून पसरत पसरत का होईना, हेलिकॉप्टरचा सगळा भार शेवटी जमीनच पेलते. बहात्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यभर उसाच्या मोळ्या आणि गाड्या उचलल्या, वजन कुठे तरी टेकतंच हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हवं." म्हटलं, आबा, मलाच आत्ता कळलं.

असो. फार लांबलं. बंड्याने निघताना आणखी एक प्रश्न दिलाय, माशी हेलिकॉप्टरसारखी जागेवर थांबते, मग तिचा पंखा फिरतो का? याचं उत्तर मला येत नाही असं मी त्याला सांगून आलोय. या शनिवारी वाचणार आहे. आणि हो, सोप्यातला पंखा आईने पुसून घेतला.